या, का, नी आणि रू : बैजिक राशींच्या बेरीज-गुणाकाराचा इतिहास

‘३क्ष + २ = किती?’ हा प्रश्न बीजगणित नुकतेच सुरू झालेल्या वर्गात विचारला, तर ‘५क्ष’ हे उत्तर हमखास येते. शिक्षक ते खोडतात, ‘सजातीय पदांचीच बेरीज होते, विजातीय पदांची होत नाही’ हा नियम फळ्यावर लिहितात आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते. मग ‘मुले नियम पाठ करीत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष थोडा घाईचा आहे, असे आम्हांला वाटते. वहीतला हा एका ओळीचा नियम माणसाला सहजासहजी सुचलेला नाही. तो कोणी मांडला, कोणत्या चिन्हांत मांडला आणि त्या चिन्हांची जागा आजच्या चिन्हांनी घेतली तेव्हा काय मिळाले व काय हरवले, हे पाहिले तर मुलाच्या चुकीकडे आपण निराळ्या नजरेने पाहू शकतो. या लेखात आपण बैजिक राशींची बेरीज, वजाबाकी व गुणाकार या तीन साध्या कृतींचा इतिहास पाहणार आहोत. हल्लीच्या पुस्तकांत अज्ञात राशीसाठी ‘एक्स’ हे रोमन अक्षर येते. येथे आपण जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे ‘क्ष’ वापरू.

भिल्लमालचा ब्रह्मगुप्त

इ. स. ६२८ मध्ये, म्हणजे शके ५५० मध्ये, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा त्याचे वय तीस वर्षांचे होते. तो भिल्लमालचा, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमालचा. ग्रंथ ज्योतिषाचा, पण त्यातला अठरावा अध्याय, ‘कुट्टकाध्याय’, हा बीजगणिताचा आहे. ‘बीजगणित’ हे नाव त्या वेळी रूढ झाले नव्हते.

या अध्यायात ब्रह्मगुप्त समीकरणे सोडवण्याच्या आधी कृतींचे नियम सांगतो. आधी धन, ऋण आणि शून्य यांचे नियम. नंतर अव्यक्त राशींचे. अव्यक्त म्हणजे ज्याचे मूल्य अजून उघड झालेले नाही अशी संख्या. तिचा वर्ग, तिचा घन, वर्गाचा वर्ग आणि पुढे पाचवा घात, सहावा घात अशी नावे तो देतो. पाचव्या घाताला ‘पंचगत’, सहाव्याला ‘षड्गत’. मग तो म्हणतो की यांपैकी एकाच जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी. भिन्न जातीच्या राशी वेगळ्याच ठेवाव्यात. गुणाकाराचे मात्र तसे नाही. समान जातीच्या दोन अव्यक्तांचा गुणाकार केला की वर्ग होतो. तीन किंवा अधिकांचा केला की त्या त्या नावाचा घात होतो. आणि दोन निरनिराळ्या अव्यक्तांचा गुणाकार केला तर जे मिळते त्याला ‘भावित’ म्हणावे.

आज आपण सातवी-आठवीत शिकवतो त्यातले बहुतेक सर्व या दोन-तीन वाक्यांत आले आहे. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. बेरजेत जात बदलत नाही : क्षची बेरीज क्षशीच होते आणि उत्तर क्षच्याच जातीचे असते. गुणाकारात मात्र जात बदलते : क्ष आणि क्ष मिळून क्षचा वर्ग ही नवी जात तयार होते. बेरीज आणि गुणाकार यांच्या स्वभावातला हा फरक ब्रह्मगुप्ताने नियमातच उघड केला आहे. आपली पाठ्यपुस्तके बहुधा हे दोन नियम वेगवेगळ्या प्रकरणांत देतात, त्यामुळे तो फरक विद्यार्थ्याच्या नजरेत भरत नाही.

अधिक चिन्ह नसलेली बेरीज

ब्रह्मगुप्तानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, ग्रंथरचनेच्या वेळी ते छत्तीस वर्षांचे होते. सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ ही त्यांची गणितावरची दोन पुस्तके सर्वश्रुत आहेत. ‘लीलावती’ व्यक्त गणिताची, ‘बीजगणित’ अव्यक्त गणिताचे.

‘बीजगणिता’चा आरंभ समीकरणांनी होत नाही. आधी चार ‘षड्विधे’ येतात. षड्विध म्हणजे सहा कृती : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग व वर्गमूळ. या सहा कृती प्रथम धन-ऋण संख्यांवर, मग शून्यावर, मग अव्यक्तांवर आणि मग करणींवर करून दाखवल्या आहेत. हत्यारे घासून-पुसून तयार केल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, असा हा क्रम आहे.

अव्यक्तांना नावे कशी द्यायची? पहिले अव्यक्त ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. दुसऱ्यापासून रंगांची नावे : कालक (काळा), नीलक (निळा), पीतक (पिवळा), लोहितक (तांबडा) इत्यादी. लिहिताना पहिले अक्षर पुरे : या, का, नी, पी, लो. यावत्तावत्‌चा वर्ग ‘याव’, घन ‘याघ’. ज्याच्यासोबत अव्यक्त नाही अशी साधी संख्या म्हणजे ‘रूप’, लिहायची ‘रू’. संख्या ऋण असेल तर आकड्याच्या डोक्यावर टिंब द्यायचे.

भास्कराचार्यांनी बेरजेसाठी घेतलेले पहिले उदाहरण अगदी सोपे आहे. एक यावत्तावत् व एक रूप ही एक राशी; दोन यावत्तावत् व आठ ऋण रूपे ही दुसरी. यांची बेरीज किती? मांडणी अशी :

या १  रू १
या २  रू ८̇
बेरीज : या ३  रू ७̇

आजच्या भाषेत (क्ष + १) + (२क्ष − ८) = ३क्ष − ७.

या मांडणीकडे जरा थांबून पाहू. ‘या’खाली ‘या’, ‘रू’खाली ‘रू’. आपण शेकड्याखाली शेकडा आणि दशकाखाली दशक मांडतो, तसेच हे आहे. दुसरे असे की या मांडणीत अधिक चिन्ह कोठेच नाही. ‘या ३ रू २’ असे शेजारी लिहिले की ती तीन यावत्तावत् व दोन रूपे मिळून झालेली एक राशी होते. त्यापुढे काही करायचे शिल्लक राहत नाही. ती स्वतःच उत्तर आहे.

आता आपले ‘३क्ष + २’ पाहा. मुलाला पहिलीपासून अधिक चिन्ह भेटले आहे ते आज्ञा म्हणून : ‘बेरीज कर आणि उत्तर लिही’. ३ + २ पाहिल्यावर ५ लिहिल्याशिवाय गणित पुरे होत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याच चिन्हाने सातवीत अचानक वेगळा अर्थ घेतला : ‘येथे काही करू नकोस, हे असेच राहू दे’. मुलाला हे कोणी सांगत नाही. म्हणून ते काम पुरे करते आणि ५क्ष लिहून मोकळे होते.

त्यात आणखी एक भर आहे. अंकगणितात दोन गोष्टी शेजारी लिहिल्या की बहुधा बेरीज अभिप्रेत असते. ३४ म्हणजे तीस अधिक चार. ३½ म्हणजे तीन अधिक अर्धा. बीजगणितात मात्र शेजारी लिहिणे म्हणजे गुणाकार : ३क्ष म्हणजे तीन गुणिले क्ष. भास्कराचार्यांच्या लेखनात या आणि ३ यांच्यामध्ये गुणाकार व दोन पदांमध्ये बेरीज, असे दोन्ही अर्थ शेजारी लिहिण्यातूनच निघतात. पण ‘रू’ हे अक्षर दोन पदांमध्ये उभे असल्यामुळे गोंधळ होत नाही. साध्या संख्येलाही तिथे जातीचे नाव आहे. आपण ते नाव गाळले. ३क्ष + २ मधला २ बिनजातीचा दिसतो, म्हणून मूल त्याला शेजारच्या क्षच्या जातीत ढकलते. ‘या ३ रू २’ अशी मांडणी असती तर त्याने ते सहजी केले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

रिकामी जागाही मांडायची

ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर पृथूदकस्वामीने नवव्या शतकात टीका लिहिली. तिच्यातील एक समीकरण प्रसिद्ध आहे. दोन बाजू एकीखाली एक मांडलेल्या आहेत :

याव ०  या १०  रू ८̇
याव १  या ०  रू १

म्हणजे १०क्ष − ८ = क्ष² + १. पहिल्या बाजूत वर्ग नाही, तरी ‘याव ०’ लिहिले आहे; दुसरीत क्ष नाही, तरी ‘या ०’ लिहिले आहे. स्थानमूल्य पद्धतीत शून्य जे काम करते तेच येथे करते : जागा राखते. जागा राखल्यामुळे वजाबाकी उभ्या रांगेत सरळ होते. यालाच समशोधन म्हणत. दोन्ही बाजूंतून समान वजा करून वर्ग व अव्यक्त एका बाजूला आणि रूपे दुसऱ्या बाजूला आणली की क्ष² − १०क्ष = −९ मिळते. दोन्हीकडे २५ मिळवले तर डावीकडे (क्ष − ५) चा वर्ग आणि उजवीकडे १६. म्हणजे क्ष ९ किंवा १. दोन्ही मूल्ये मूळ समीकरणात घालून पाहावीत. ९ घातला तर दोन्ही बाजू ८२ येतात, १ घातला तर २.

बहुपदींची वजाबाकी करताना विद्यार्थी चुकतात ते दोन ठिकाणी : गाळलेल्या पदाची जागा सोडत नाहीत आणि कंसाबाहेरचे ऋण चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावतात. पहिल्या चुकीवर उपाय या जुन्या मांडणीत आहे. दुसरीवरचा उपाय भास्कराचार्यांनी धनर्णषड्विधातच सांगितला आहे : जे वजा करायचे त्यातले प्रत्येक धन ऋण करावे, प्रत्येक ऋण धन करावे आणि मग बेरीज करावी. वजाबाकी ही स्वतंत्र कृती राहतच नाही.

रंगांचा गुणाकार आणि आंब्यांची अडचण

गुणाकारासाठी भास्कराचार्यांचे उदाहरण असे आहे : पाच यावत्तावत् उणे एक रूप, याला तीन यावत्तावत् अधिक दोन रूपे यांनी गुणा. रीत खंडगुणनाची. गुणकाचे जितके खंड असतील तितक्या वेळा गुण्य मांडायचे, प्रत्येक खंडाने ते गुणायचे आणि सजातीय मिळवायचे.

या ५ रू १̇ ला या ३ ने गुणून : याव १५  या ३̇
या ५ रू १̇ ला रू २ ने गुणून : या १०  रू २̇
बेरीज : याव १५  या ७  रू २̇

म्हणजे (५क्ष − १)(३क्ष + २) = १५क्ष² + ७क्ष − २. आज आपण याला वितरणाचा गुणधर्म म्हणतो. पुढे ते तीन-तीन वर्णांची राशी तिच्याच दुपटीने गुणायला सांगतात. तेथे या आणि का यांचा गुणाकार येतो, तो ‘याकाभा’ असा लिहायचा. ‘भा’ म्हणजे भावित.

सजातीय-विजातीय समजावताना आपल्यापैकी अनेक जण फळांची मदत घेतात. तीन आंबे आणि दोन केळी यांची बेरीज पाच आंबे होत नाही, तसे ३क्ष आणि २य. बेरजेपुरते हे चालते. गुणाकार आला की कोसळते. आंबे गुणिले केळी म्हणजे काय? आंब्याचा वर्ग म्हणजे काय? ज्या मुलाने क्ष म्हणजे आंबा असे मनात घेतले, त्याला क्षय आणि क्ष² यांचा अर्थ लागणे शक्य नाही. भास्कराचार्यांनीही रंगांची नावे घेतली. पण ती अव्यक्तांच्या ‘मानां’साठी, म्हणजे मूल्यांसाठी, कल्पिली आहेत असे स्पष्ट केले. कालक ही काळी वस्तू नव्हे, तर जिचे नाव ‘काळा’ ठेवले आहे अशी संख्या. संख्येला संख्येने गुणता येते. क्ष ही आंब्याची नव्हे, आंब्यांच्या संख्येची किंवा किमतीची खूण आहे, हे पहिल्याच तासाला सांगितले तर पुढची बरीच ठेच टळेल.

ऋण गुणिले ऋण धन का, हा प्रश्नही येथेच येतो. ब्रह्मगुप्ताने संपत्ती व कर्ज या शब्दांत नियम दिले. ‘बीजगणिता’वर पुढे टीका झाल्या. गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदासाने १५३८ मध्ये ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली; सुमारे १६०० मध्ये कृष्ण दैवज्ञाने लिहिलेली टीका नियमांमागची उपपत्ती देण्याबद्दल विशेष नावाजली जाते. कृष्ण दैवज्ञ म्हणतो की ऋणत्व म्हणजे उलटेपणा, आणि तो तीन प्रकारचा असतो : स्थळाचा (पूर्व आणि पश्चिम), काळाचा (मागचा आणि पुढचा) आणि वस्तूचा (धन आणि कर्ज). संख्यारेषेची कल्पना यापासून फार दूर नाही.

बगदाद, आणि पूर्वेला चीन

इ. स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल्‌-ख्वारिझ्मीने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील ‘अल्‌-जब्र’ या शब्दावरून युरोपीय भाषांतील बीजगणिताचे नाव आले. त्याच्याकडे चिन्हे नव्हती, सर्व काही शब्दांत. अव्यक्त म्हणजे ‘वस्तू’. पण ‘दहा उणे वस्तू’ गुणिले ‘दहा उणे वस्तू’ कसे करायचे हे तो नीट सांगतो, आणि त्याआधी दहा उणे एक गुणिले दहा उणे एक हे संख्यांचे उदाहरण घेतो. शंभर, उणे दहा, उणे दहा, आणि शेवटी एक. ९ गुणिले ९ म्हणजे ८१ हे आपल्याला ठाऊकच आहे. ८० वरून ८१ वर यायचे तर तो शेवटचा एक मिळवलाच पाहिजे. ऋण गुणिले ऋण धन होते याचा वर्गात दाखवण्याजोगा याहून सोपा पुरावा आम्हांला माहीत नाही.

अकराव्या शतकाच्या आरंभी अल्‌-कराजीने आकृत्यांचा आधार न घेता अनेक पदांच्या राशींवर थेट कृती करण्याची दिशा धरली. त्याचे काम पुढे नेले अस्‌-समवअलने. त्याचा जन्म ११३० च्या सुमाराचा, बगदादचा. ‘अल्‌-बाहिर’ हा ग्रंथ त्याने एकोणिसाव्या वर्षी लिहिला. म्हणजे भास्कराचार्य ‘बीजगणित’ लिहीत होते, जवळजवळ त्याच वर्षांत. अस्‌-समवअल घातांची नावे ओळीने वर लिहितो आणि खाली फक्त सहगुणक मांडतो. पद नसेल तर शून्य. रिकाम्या जागेतून ऋण संख्या वजा केली तर तीच संख्या धन होऊन उरते, असा नियम तो देतो. या तक्त्यावर त्याने बहुपदीला बहुपदीने भागण्याची रीतही बसवली.

तेराव्या शतकात चीनमध्ये ली ये याने १२४८ च्या ग्रंथात मोजकाड्यांचे आकडे उभ्या स्तंभात मांडून बहुपदी लिहिल्या. कोणती ओळ स्थिरपदाची किंवा कोणती अव्यक्ताची, एवढे दाखवणारे एक अक्षर बाजूला. बाकी सर्व काही जागेवरून ओळखायचे. भिन्न भाषा, भिन्न लिपी, पण कल्पना एकच : घाताला जागा द्या आणि जागेवर सहगुणक लिहा. स्थानमूल्याने आकडे लिहायची सवय झालेल्या समाजांना बहुपदी ही संख्येच्या लेखनासारखी दिसावी, हे स्वाभाविकच होते.

रेघ आणि चौरस यांची बेरीज

युरोपात चिन्हे हळूहळू आली. अधिक व उणे ही चिन्हे विडमनच्या १४८९ च्या छापील पुस्तकात दिसतात. बरोबरचे चिन्ह रेकॉर्डने १५५७ मध्ये दिले. गुणाकाराची फुली ऑट्रेडच्या १६३१ च्या पुस्तकात आहे. यांहून मोठे पाऊल व्हिएतचे. १५९१ मध्ये त्याने अज्ञात राशींना स्वर आणि ज्ञात राशींना व्यंजने दिली. ज्ञात सहगुणकही अक्षराने लिहिता आल्यामुळे एका उदाहरणाऐवजी सर्व उदाहरणांचे एक सूत्र मांडता येऊ लागले.

पण व्हिएतला एक जुनी भीती होती. ग्रीक परंपरेत अव्यक्त म्हणजे रेघ, तिचा वर्ग म्हणजे चौरस, घन म्हणजे ठोकळा. रेघेत चौरस कसा मिळवायचा? म्हणून क्ष² + ३क्ष अशी राशी लिहायची तर ३ ला लांबी मानून सर्व पदे एकाच मितीची करणे त्याला आवश्यक वाटे. देकार्तने १६३७ च्या ‘भूमिती’त ही अट सोडवली. एकक लांबी ठरवली की दोन रेघांचा गुणाकार पुन्हा रेघ म्हणून दाखवता येतो, हे त्याने समरूप त्रिकोणांनी दाखवले. वर्णमालेतली शेवटची अक्षरे अज्ञातांना, पहिली ज्ञातांना आणि घातांक उजवीकडे वर छोट्या आकड्यात, ही आजची लिहिण्याची पद्धत मुख्यतः त्याचीच. ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांना ही अडचण पडली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने अव्यक्त ही मुळातच संख्या होती.

राशीकडून फलनाकडे

इथपर्यंत क्ष ही एक विशिष्ट पण लपलेली संख्या होती; ती शोधून काढली की काम संपले. सतराव्या शतकात वक्रांचा अभ्यास सुरू झाला आणि क्ष सरकू लागला. क्ष बदलला की ५क्ष − १ ही राशीही बदलते. या अवलंबनालाच महत्त्व आले. ‘फलन’ या अर्थाचा शब्द लायब्निट्‌सने वापरात आणला, योहान बर्नूलीने १७१८ मध्ये त्याची व्याख्या केली आणि ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात फलनांचे वर्गीकरण केले. फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, घात व मूळ या कृतींनी बनते ते बैजिक फलन. भास्कराचार्यांच्या षड्विधाची येथे आठवण होते.

१८३७ मध्ये डिरिक्लेने फलनाला सूत्राच्या बंधनातून सोडवले : क्षच्या प्रत्येक मूल्याला एक ठरावीक मूल्य जोडले की फलन झाले. मग सूत्रच नसेल तर दोन फलनांची बेरीज कशी करायची? उत्तर सरळ आहे. प्रत्येक क्षपाशी दोघांची मूल्ये मिळवायची. बेरीज, वजाबाकी, गुणाकार या तिन्हींची हीच व्याख्या. सजातीय पदे मिळवण्याचा नियम हा आता या व्याख्येतून निघणारा एक निष्कर्ष ठरतो.

भास्कराचार्यांच्याच उदाहरणातील दोन राशी घेऊ. फ = ५क्ष − १, ग = ३क्ष + २. क्षला ०, १, २, ३ ही मूल्ये दिली तर

फ : −१, ४, ९, १४
ग : २, ५, ८, ११
फ + ग : १, ९, १७, २५
फ − ग : −३, −१, १, ३
फ × ग : −२, २०, ७२, १५४

बेरजेची ओळ ८ च्या टप्प्याने चढते, कारण ती ८क्ष + १ आहे. वजाबाकी २ च्या टप्प्याने, कारण ती २क्ष − ३ आहे. गुणाकाराच्या ओळीतले फरक मात्र २२, ५२, ८२. ते सारखे नाहीत, पण फरकांचे फरक ३० आणि ३० आहेत. सरळ रेषेत सरळ रेषा मिळवली की सरळ रेषाच येते. सरळ रेषेला सरळ रेषेने गुणले की रेषा वाकते. बेरजेत जात टिकते, गुणाकारात बदलते, हा ब्रह्मगुप्ताचा नियम येथे आकड्यांतून डोळ्यांना दिसतो.

फलन म्हणून पाहताना एक पथ्य पाळावे लागते. दोन्ही फलनांना जेथे मूल्य आहे तेथेच त्यांच्या बेरजेला वा गुणाकाराला मूल्य असते. क्षचे वर्गमूळ गुणिले क्षचे वर्गमूळ म्हणजे क्ष, हे वास्तव संख्यांत फक्त शून्य व धन क्षपुरते खरे. सूत्र पुढे धावते, फलन तेथे थांबते.

वर्गात करून पाहण्याजोगे

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्या मठाला दान दिले. शिलालेखात शके ११२८ चा उल्लेख आहे. तो १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी यांनी प्रकाशात आणला. ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात झाले, कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये लंडनला छापले गेले. म्हणजे हे पुस्तक सतत वर्गात राहावे, अशी धडपड अनेकांनी केली. आपल्याला ते जसेच्या तसे शिकवायचे नाही. पण त्यातल्या तीन गोष्टी आपल्या तासाला उपयोगी पडतील.

पहिली : पहिले काही दिवस ‘या’ आणि ‘रू’ची मांडणी वापरावी. ३क्ष + २ ऐवजी ‘या ३ रू २’. त्यात दहा-बारा बेरजा-वजाबाक्या उभ्या मांडणीने कराव्यात, गाळलेल्या पदाच्या जागी शून्य लिहावे. मग अधिक चिन्ह आणावे आणि ते येथे ‘करून टाक’ असे सांगत नसून ‘यांच्यासह’ एवढेच सांगते, हे स्पष्ट करावे.

दुसरी : प्रत्येक उत्तर क्षला एखादे मूल्य देऊन तपासायची सवय लावावी. ३क्ष + २ = ५क्ष म्हणणाऱ्या मुलाला क्ष = १० घ्यायला सांगावे : एकीकडे ३२, दुसरीकडे ५०. क्ष = १ मात्र घेऊ नये; तेथे दोन्ही बाजू ५ येतात आणि चूक झाकली जाते. एखाद्या ठिकाणी दोन राशी जुळणे आणि सगळीकडे जुळणे यांतला फरक समजावण्यासाठी ही संधी छान आहे.

तिसरी : क्ष = १० घेऊन संख्यांचा गुणाकार आणि बहुपदींचा गुणाकार शेजारी ठेवावेत. (३क्ष + ४)(क्ष + २) = ३क्ष² + १०क्ष + ८; आणि ३४ × १२ = ४०८. मधले १०क्ष अंकगणितात शतकस्थानी एक हातचा होऊन जाते, म्हणून ३ चे ४ होतात. बहुपदीत हातचा नाही, कारण क्ष म्हणजे दहाच असे ठरलेले नाही. मग भास्कराचार्यांची ५क्ष − १ आणि ३क्ष + २ ही जोडी द्यावी : ४९ × ३२ किती, आणि १५००, ७० व उणे २ मिळून किती, हे मुलांना स्वतः ताडून पाहू द्यावे. त्यानंतर क्ष = १०० घेऊन कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार तोंडी करता येतो, हेही त्यांनाच शोधायला सांगावे.